उलटा हात

चहाचा ग्लास समोर आला की तुम्ही-आम्ही काय करतो? उचलतो, चटका बसला की घाईघाईनं खाली ठेवतो आणि चहा देणाऱ्याला बोल लावतो. नानांनी असं कधी केलं नाही. ते आधी ग्लासाजवळ हात न्यायचे, आणि तोही उलटा. तळवा स्वतःकडं, बोटं जराशी आत वळलेली, हाताची मागची बाजू काचेपासून बोटभर लांब. क्षणभर तसेच थांबायचे. मग एक तर ग्लास उचलायचे, नाहीतर "उलीसं थांबा" म्हणून आम्हालाही अडवायचे.

"सुलट्या हातानं घ्यायचं, उलट्या हातानं वळखायचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "तळवा कामानं बहिरा होतो. मागची कातडी लेकराची हाय तशीच ऱ्हाती. तिला इचारा."

नाना हे काही त्यांचं नाव नव्हे. वाळूजच्या प्रत्येक कारखान्यात एक नाना असतोच, तसे हे आमचे. आमची टायरची कंपनी लहानशी होती. स्कूटरचे आणि रिक्षाचे टायर व्हायचे. तिचं नाव सांगून उपयोग नाही, त्या जागेवर आता पत्र्याचं गोदाम आहे. मी तिथं प्रेसवर ऑपरेटर होतो आणि नाना त्या खात्याचे फिटर. बजाजनगरात आमच्या दोघांच्या खोल्यांना मधली भिंत एकच होती. त्यांना पाहण्यात माझी बरीच वर्षं गेली.

नाना नम्र होते असं तुम्हाला कुणी सांगितलं, तर त्यानं नानांना पाहिलेलं नाही असं खुशाल समजा. स्वतःच्या हाताचा त्यांना भारी गर्व. एकदा मी जुनी मोटारसायकल घ्यायला निघालो तर आपणहून बरोबर आले. विकणारा सांगत होता, गाडी महिनोन् महिने जागची हललेली नाही, नुसती पुसून ठेवतो. नानांनी इंजिनाजवळ उलटा हात नेला आणि फार काळजीनं विचारलं, "मंग हिला आजच ताप कसा काय आला?" तो माणूस मला पुढं कुठंही भेटला की रस्ता बदलायचा.

आमच्या गल्लीत तर थर्मामीटर कुणी विकतच घेत नसे. पोरगं किरकिर करायला लागलं की बायका त्याला कडेवर घेऊन नानांच्या ओट्यावर जायच्या. नाना कपाळावर उलटा हात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. "काय नाय. गार हाय. खेळू द्या." किंवा, "वाईच हाय. पट्टी ठिवा." कधी नुसतंच, "डाक्टर." हे शेवटचं ऐकलं की आई कपडे बदलायलाही थांबायची नाही. माझी मुलगी तर चालायला लागल्यापासून, ताप असो नसो, येता-जाता त्यांच्यासमोर कपाळ पुढं करायची. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. बायको पुष्कळ आधी गेलेली. त्यामुळं त्या कपाळांचं त्यांना काय वाटत असेल ते मला तेव्हा कळलं नाही, आता थोडंसं कळतं.

हे सगळं त्यांना बापानं शिकवलेलं. खुलताबादच्या डोंगराखाली त्यांचं गाव, घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. त्यांचा बाप पहाटे कळपातून फिरताना एकेका मेंढीच्या कानाला उलटा हात लावायचा. कान गरम तर औषध. कान गार पडला तर मात्र बाप काही न बोलता सुरी शोधायचा. नाना ही गोष्ट सांगायचे तेव्हा हसायचे नाहीत.

आता आमच्या प्रेसबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं लागायचं नाही. टायर भाजायची प्रेस म्हणजे एक भलामोठा लोखंडी डबा. वरची झडप आणि खालची झडप, मध्ये कच्चा टायर. दोन्ही झडपांत वाफ खेळवायची, की टायर भाजून निघतो. वाफ निवली की तिचं पाणी होतं. ते पाणी वाहून गेलं पाहिजे आणि वाफ मात्र आत राहिली पाहिजे. हे काम करायला प्रत्येक प्रेसच्या बुडाशी मुठीएवढी लोखंडी डबी असते, तिला ट्रॅप म्हणतात. ट्रॅप तुंबला की खालच्या झडपेत पाणी साचतं, वरची बाजू तापते, खालची गार राहते. टायर एका अंगानं पक्का आणि दुसऱ्या अंगानं कच्चा निघतो. असला टायर दिसायला काळाभोर, देखणा. रस्त्यावर कधीतरी कुणाच्या तरी खाली फुटतो.

एका पावसाळ्यात आमच्या प्रेसच्या ओळीतले टायर असे कच्चे निघायला लागले. आज या प्रेसवर, उद्या त्या प्रेसवर. तपासणीच्या टेबलावर टायराच्या खालच्या अंगाला नख रुतायचं. आणि त्याच सुमारास नळ ठोकायला लागला.

नळ ठोकणं ज्यानं ऐकलं नसेल त्याला सांगणं अवघड आहे. वाफेचा मोठा नळ आमच्या डोक्यावरून ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा आणि शेवटच्या प्रेसपाशी खाली उतरून कमरेच्या उंचीवर वळायचा. त्या वळणात पाणी साचलं की मागून येणारी वाफ ते पाणी उचलून लोखंडावर आपटते. आधी लांबून एक ठक्. मग काही नाही. मग आतून कुणी घणानं मारावं तसे लागोपाठ ठोके. पत्र्याखाली बसलेली कबुतरं एकदम उडायची आणि नळावरच्या वेष्टनातून पांढरी भुकटी आमच्या जेवणाच्या डब्यात पडायची. हळूहळू आम्हाला सवय झाली. नानांना झाली नाही. ठोका पडला की ते हातातलं काम टाकून त्या वळणाकडं बघत राहायचे.

"ह्यो नळ कुणाला तरी खाणार," ते म्हणायचे. "सांगून ठिवतो."

दोष शोधायला एक इंजिनियर मॅडम आल्या होत्या. वयानं लहान, बोलायला कमी. त्यांच्याकडं लांबून उष्णता मोजायचं एक यंत्र होतं, बंदुकीसारखं धरायचं. नाना त्यांना ताई म्हणायचे आणि यंत्राला पिस्तूल. "ताई, तुमचं पिस्तूल काय म्हणायलंय?" पिस्तूल आणि उलटा हात बहुतेक वेळा एकच सांगायचे. कारणावर मात्र दोघांचं भांडण. नाना छातीठोकपणे सांगत होते की खालच्या झडपेतली लोखंडी प्लेट वाकली आहे. हट्टानं त्यांनी एक प्रेस उघडायला लावली. प्लेट सरळसोट निघाली. नाना दोन दिवस चहाही एकट्यानं प्याले.

मॅडमनी मग सगळ्या प्रेसचं पाणी जिच्यात पडतं त्या परतीच्या लाइनीला दाब मोजायचं घड्याळ बसवलं. तिथं काटा हलायलाच नको होता. तो चांगला वर चढून बसला होता.

"नाना, पाणी वाहून न्यायच्या लाइनीत एवढी वाफ येते कुठून?" मॅडमनी विचारलं.

 नाना ओळीतून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं चालत गेले. प्रत्येक ट्रॅपशेजारी एक आडवाट असते, तिला बायपास म्हणतात. ट्रॅप काढून साफ करताना तेवढ्यापुरती उघडायची, एरवी बंद. कुणी हात लावत नसल्यानं तिच्या चाकावर काजळीचा थर असायला हवा. एकूणएक चाकं हात लागून लागून लखलखत होती.

नाना परत आले आणि डोक्याला हात लावून खाली बसले. "ताई, ह्यो पाट हाय. पाट केलाय ह्यांनी!"

आमच्यातले निम्मे ऑपरेटर पैठण-गंगापूरकडचे, पाटाच्या पाण्यावर वाढलेले. वरच्या शेतकऱ्यानं गुपचूप दार उचललं की खालच्याला पाणी येत नाही, मग तोही उचलतो, आणि टेलचा, म्हणजे पाटाच्या अगदी शेवटचा, माणूस आभाळाकडं बघत बसतो. आम्ही कारखान्यात येऊन तेच केलं होतं. एकाची प्रेस गार पडली, त्यानं हळूच बायपास उघडला. त्याचं पाणी गेलं, पण त्यामागून वाफही परतीच्या लाइनीत घुसली. तिच्या दाबानं शेजाऱ्याचं पाणी अडलं. मग शेजाऱ्यानं उघडला. मीही उघडायचो, खोटं कशाला बोलू. प्रत्येकाला वाटायचं, ही युक्ती आपल्यालाच सुचली आहे. डोक्यावरच्या मोठ्या नळाचं पाणीही त्याच लाइनीत जायचं होतं. ते जायला जागाच उरली नाही आणि टेलच्या वळणात साचत गेलं.

नानांनी आम्हाला ओळीनं उभं करून शिव्या घातल्या. त्यातल्या काही खास मेंढरांसाठीच्या होत्या. मग त्यांनी सगळ्या बायपासची चाकं काढून नेली. पोरांनी पान्यानं उघडायला सुरुवात केली. नळ ठोकतच राहिला.

एके दिवशी पहिल्या पाळीला येऊन बघतो तर नानांनी आपलं स्टूल उचलून थेट त्या वळणाला खेटून मांडलेलं. वर नळ, खाली नाना, मांडीवर अवजारांची पेटी.

"आता उघडा," त्यांनी ओरडून सांगितलं. "कुणाला कुठला बायपास उघडायचाय तो उघडा. मी हितं बसलोय."

दुपारी शेजारच्या प्रेसवरचा एक जण विनवायला गेला. त्याचे टायर लागोपाठ बाद होत होते. "नाना, उठा की. एवढा लॉट होऊ द्या."

"होऊ दे की. माझ्या अंगावर होऊ दे."

तो परत आला आणि त्यानं पाना फेकून दिला. त्या दिवसापासून बायपास कुणी उघडला नाही. टायर बाद झाले, आम्ही बोलणी खाल्ली, पण नाना तिथं बसलेले असताना पान्याला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. अधूनमधून वर ठक् व्हायचं. आम्ही सगळे त्या वळणाकडं बघायचो. नाना बूड न हलवता वर बघायचे आणि म्हणायचे, "ऐकलं. ऐकलं."

पण स्टुलावर बसून ट्रॅप साफ होत नाहीत. ती सगळी ओळ एकदा बंद करून, पूर्ण गार करून, एकेक डबी उघडायला हवी होती. मॅडमनी धाकट्या शेठना पुन्हा पुन्हा सांगितलं. धाकटे शेठ वाईट नव्हते, पण मालाची मागणी तोंडावर होती. "दिवाळीनंतर बघू," म्हणाले.

मग नानांनी आपला डाव टाकला. धाकट्या शेठचे वडील, ज्यांना सगळे थोरले शेठ म्हणत, ते दर गुरुवारी कारखान्यात पेढे वाटायला यायचे. पांढरा सदरा, हातात जपमाळ, प्रत्येक कामगाराला नावानिशी ओळखणारे. खंडेनवमीला प्रेसची पूजा त्यांच्याच हातून व्हायची. नाना त्यांच्यासमोर हात जोडून उभे राहिले.

"शेठ, इचारू का? तापल्या देवाची पूजा करत्यात का कुठं? दर साली आपुन गरम लोखंडावर हळद टाकतो. ती जळून काळी पडती. मला काय हे बरं वाटत नाय."

थोरल्या शेठचा चेहरा पडला. त्यांनी खरोखरच असा विचार कधी केला नव्हता. त्याच दिवशी हुकूम सुटला, की यंदा खंडेनवमीच्या आधीच सगळी ओळ बंद करून गार करायची. नाना आमच्याकडं आले ते मिशीतल्या मिशीत हसत. "देवाला कामाला लावलं," म्हणाले. इतके खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

ओळ बंद झाल्यावर आम्ही सगळे ट्रॅप उघडले. आत गंजाचा चहाच्या चोथ्यासारखा गाळ. तो धुतला, जाळ्या बदलल्या, डब्या परत बसवल्या. मॅडम अंगावर काजळी घेऊन आमच्याबरोबर राबल्या. राहिला फक्त टेलच्या वळणाखालचा पाणी सोडायचा कॉक. तो गंजून धरला होता, जेमतेम धार सोडायचा. नवा आणायला माणूस पाठवला तर सणामुळं दुकानं बंद.

खंडेनवमीला पूजा झाली. झेंडूच्या माळा, कुंकवाची बोटं, आणि हळद पहिल्यांदाच पिवळी राहिली. थोरल्या शेठच्या डोळ्यांत पाणी आलं. कारखान्यात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. नाना एकेका प्रेसला उलटा हात लावत फिरत होते. शेवटच्या प्रेसला लावला आणि झटकन मागं घेतला.

"काय झालं, नाना?"

"काय नाय. इतकी गार कधी बगितली नव्हती." मग म्हणाले, "कान असा लागला की बाप सुरी शोधायचा."

मी हसलो. ते हसले नाहीत.

गार पडलेल्या लांब नळात वाफ सोडायची तर ती हळूहळू सोडावी लागते. आधी धागाभर, मग बराच वेळ थांबून अजून थोडी, आणि दरम्यान साचणारं सगळं पाणी खालून सोडत राहायचं. मॅडमना दसऱ्याच्या सकाळपासून हे सुरू करायचं होतं. थोरले शेठ म्हणाले, वाफ सोडायची ती दुपारी विजय मुहूर्तावर.

"शेठ, दसऱ्याचा अख्खा दिवस शुभच की," नाना म्हणाले. "साडेतीन मुहूर्तांतला हाय. सकाळधरनं सोडू."

"नाना, तापल्या देवाचं शास्त्र मला तुम्हीच सांगितलंत. आता सोयीचं नाही म्हणून तुम्हीच मोडता?"

नाना मॅडमकडं बघायला लागले.  शेवटी असं ठरलं की मुहूर्तावर थोरल्या शेठनी वाफ सोडायच्या मोठ्या चाकाला नुसता हात लावायचा, चाक फिरवायचं ते मॅडमनी, आणि तेही टेलकडून नानांनी हाक दिल्यावर.

दुपारी नानांनी टेलकडच्या सगळ्यांना हाकललं. "जा, परसाद घ्या. हितं काय तमाशा हाय का?" सगळे ओळीच्या तोंडाशी, मोठ्या चाकाजवळ जमलो. गुरुजी, थोरले शेठ, धाकटे शेठ, मॅडम. मी जरा मध्ये उभा होतो, मला दोन्हीकडचं दिसत होतं. त्या टोकाला नाना एकटेच गुडघ्यावर बसून कॉकमध्ये तार घालत होते. आधीच्या दिवसांचं साचलेलं पाणी तांबड्या बारीक धारेनं येत होतं आणि संपत नव्हतं.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. पुन्हा पाहिलं. "मुहूर्त सरतोय," म्हणाले.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "नानांची हाक आली नाही." आणि त्या मान लांब करून टेलकडं बघायला चार पावलं पुढं आल्या.

थोरल्या शेठनी डोळे मिटले होते. ओठ हलत होते. दोन्ही हात चाकावर, चाकाला झेंडूची माळ. त्यांनी थोडंसंच फिरवायचं म्हणून जोर लावला. गार पडलेलं चाक घट्ट बसलेलं. त्यांनी अजून जोर लावला आणि ते सुटलं ते एकदम सुटलं.

पहिला ठोका आमच्या डोक्यावर पडला. दुसरा पुढं. मग ते ठोके नळातून टेलकडं पळत गेले. ते जाताना मला ऐकू येत होते आणि माझ्या तोंडून "नाना" एवढंही निघालं नाही. कबुतरं उडाली. आणि त्या टोकाला सगळं पांढरं झालं.

मॅडमनी धावत जाऊन चाक बंद केलं. वाफेचा आवाज थांबायला वेळ लागला. आम्ही पळत गेलो तर वाफेतून नानांचा आवाज आला, "सावकाश या. पाणी सांडलंय, घसरताल."

वाफ विरळ झाली. नाना उभे होते. वळणावरचा सांधा फुटला तेव्हा त्यांनी तोंड फिरवून दोन्ही हात पुढं केले होते. ते हात त्यांनी अजून तसेच धरले होते, उलटे, जणू समोरचं किती गरम आहे ते अजून बघायचं राहिलं होतं. हातांची मागची कातडी सोलून निघाली होती.

नाना वाचले. सरकारी दवाखान्यात बरेच दिवस होते. थोरले शेठ रोज येऊन उशाशी बसायचे. एकदा नानांनीच त्यांना म्हटलं, "शेठ, मुहूर्त मीच मागून घेतला व्हता. तुमचं काय चुकलं?" म्हातारा लहान मुलासारखा रडला. हातांवर नवी कातडी आली, बोटं वळायला लागली, पेला धरता यायला लागला. पण मागच्या बाजूची जाण आली नाही. डॉक्टरांनी सुई टोचून बघितली. नाना दुसरीकडं बघत होते, त्यांना कळलंच नाही.

मॅडमनी त्यांना आपलं यंत्र भेट द्यायला आणलं. नानांनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "ताई, लेकराच्या कपाळाला पिस्तूल लावायचं का?" म्हणाले आणि परत दिलं. मॅडम हसल्या आणि बाहेर जाऊन भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

आमची ओळ त्यानंतर अगदी शहाण्यासारखी चालली. खालची बाजू वरच्याइतकीच तापायची, नख कुठं रुतायचं नाही, नळ मुका झाला. नानांना शेठनी गेटवर बसवलं. ते आत प्रेसकडं कधी आले नाहीत. चहा आला की ग्लास सरळ उचलून तोंडाला लावायचे आणि दर वेळी ओठ भाजून घ्यायचे. आम्ही तिकडं बघत नसू.

गल्लीतल्या बायकांनी न ठरवता थर्मामीटर आणले. पोरं आजारी पडली की त्या ओट्यासमोरून न जाता मागच्या बोळातून दवाखान्यात जायच्या. नानांना वाईट वाटू नये म्हणूनच. नाना मात्र संध्याकाळी ओट्यावर बसून असायचे, आणि एवढ्या मोठ्या गल्लीत कुणाचंच पोर कसं आजारी पडत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही.

मग माझ्या मुलीला ताप आला. सकाळपासून फणफणली होती. बायको पट्ट्या ठेवत होती आणि मी दवाखान्यात न्यायची तयारी करत होतो. तेवढ्यात नाना कशाला तरी दारात आले. पोरगी अंथरुणातून उठली, सवयीनं त्यांच्यासमोर गेली आणि तिनं कपाळ पुढं केलं.

नाना खाली बसले. त्यांनी उलटा हात तिच्या कपाळावर ठेवला आणि डोळे मिटले. फार वेळ ठेवला. त्यांच्या भुवया आवळत गेल्या. मग डोळे उघडून त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना माझ्या तोंडावरून काहीतरी वाचायचं होतं. मी तोंड कोरं ठेवलं. ते चांगलं केलं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

"काय नाय," नाना म्हणाले. "गार हाय. खेळू द्या."

"हो, नाना," मी म्हणालो. माझ्या मांडीला टेकलेलं पोरीचं अंग निखाऱ्यासारखं लागत होतं.

ते उठले. दारात त्यांची नजर पाण्याच्या पातेल्याकडं गेली, मग बायकोच्या हातातल्या ओल्या फडक्याकडं.  ते चपला घालून गेले.

आम्ही मागच्या बोळानं दवाखाना गाठला. मुलगी बरी झाली. पण त्या संध्याकाळी परत आलो तेव्हा नानांच्या दाराला कुलूप होतं. दुसऱ्या दिवशी कळलं, ते सामान घेऊन गावाला गेले. कामाचा राजीनामाही कुणाच्या तरी हाती पाठवला. मी मधल्या भिंतीला हात लावून बसून राहिलो. माणूस घरातून निघून जावा आणि आपण त्याला साधं "थांबा" म्हणू नये, याचं दुःख फार वाईट असतं.

पुढं बऱ्याच दिवसांनी मुलीला घेऊन मी त्यांच्या गावी गेलो. ऊन उतरलं होतं. डोंगराच्या पायथ्याशी पुतण्याच्या कळपात ते उभे होते, खूप वाळलेले. आम्ही आल्याचं त्यांना कळलं नव्हतं. एका मेंढीशेजारी गुडघे टेकून ते खाली वाकले आणि त्यांनी आपला गाल तिच्या कानाला लावला. डोळे मिटलेले. बराच वेळ तसेच राहिले. मग पुतण्याला म्हणाले, "हिचा कान गार पडलाय. हिची आशा नाय." पुतण्या काही न बोलता झोपडीकडं गेला.

मग त्यांनी आम्हाला पाहिलं.  मुलगी पुढं झाली, मोठी झाली होती तरी तिनं कपाळ पुढं केलं. नानांचा हात सवयीनं वर आला आणि अर्ध्यात थांबला. मग त्यांनी वाकून आपला खरखरीत गाल तिच्या कपाळाला टेकवला.

"गार हाय," ते म्हणाले.

या वेळी त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. बघायची गरजही नव्हती. मुलीचं कपाळ त्या दिवशी खरंच गार होतं.